करंजाच्या शेंगेपासून पंपाच्या इंजिनापर्यंत : बायोडिझेल पहिल्यांदा वापरणाऱ्यांसाठी

नवीन माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो : करंजाचं तेल थेट डिझेलच्या टाकीत ओतलं तर इंजिन चालतं का? चालतं. आणि तिथेच घात होतो. इंजिन सुरू होतं, पाटाला पाणी लागतं, माणूस खूश होतो. मग काही आठवड्यांत धूर काळा होऊ लागतो, हँडल मारून मारून खांदे भरून येतात, आणि फिटर इंजिन खोलतो तेव्हा नोझलच्या तोंडाशी काजळीची टोपी चढलेली असते, पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटून बसलेल्या असतात आणि खालचं ऑइल डिंकासारखं घट्ट झालेलं असतं. डिझेलचे जेवढे पैसे वाचवले त्याच्या कितीतरी पट खर्च त्या एका खोलण्यात जातो.

दोष करंजाचा नाही. तेलाच्या जाडीचा आहे. ४० अंश सेल्सिअसला मोजली तर डिझेलची जाडी २ ते ४.५ सेंटिस्टोक भरते, करंजाच्या तेलाची ३५ ते ४० च्या घरात. नोझलची भोकं केसाइतकी बारीक असतात. डिझेल त्यातून धुक्यासारखं फवारलं जातं, तेल मात्र धारेसारखं येतं, पूर्ण जळत नाही आणि उरलेलं जिथे पडेल तिथे भाजून बसतं. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ऑटो कंपनीने एक छोटं डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, आणि स्वतः रुडॉल्फ डिझेलने ते पुढे नोंदवून ठेवलं आहे. हा दाखला बरेच जण देतात. पण प्रदर्शनात काही दिवस चालवणं वेगळं आणि हंगामभर रात्रीची पाळी भरणं वेगळं.

म्हणून तेलाचं आधी इंधन करावं लागतं. तेलाचा रेणू त्रिशुळासारखा असतो : ग्लिसरीनच्या दांड्याला फॅटी ॲसिडची तीन लांब पाती. कॉस्टिक पोटॅशच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइड; खताचं पोटॅश नव्हे, पुढे नुसतं ‘पोटॅश’ म्हटलं तरी हेच) मदतीने मेथॅनॉल हे अल्कोहोल त्या पात्यांना जाऊन लागतं आणि दांड्यापासून ती सुटी करतं. दांडा, म्हणजे ग्लिसरीन, जड असल्याने तळाशी बसतो. सुटी पाती वर राहतात, तेच बायोडिझेल. त्याची जाडी ५ सेंटिस्टोकच्या आसपास येते आणि मग नोझलला ते परकं वाटत नाही.

कोणतं बी घ्यावं

माझं मत स्पष्ट आहे : जे तेल माणूस खाऊ शकतो ते इंजिनात जाळू नये. भुईमूग, सूर्यफूल, करडई यांचा विचारच करू नका. विदर्भात मोहाच्या बियांचं तेल आदिवासी घरांतून स्वयंपाकाला वापरतात, त्यालाही हात लावू नये. उरतात करंज, कोकण किनाऱ्यावरची उंडी आणि मोगली एरंड, म्हणजे जट्रोफा.

मोगली एरंडाबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण अजूनही कोणीतरी रोपं विकायला येतं. २००३ मध्ये नियोजन आयोगाने बायोडिझेलचं राष्ट्रीय अभियान आखलं, २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट धरलं आणि सगळी भिस्त या एका झुडपावर ठेवली. त्याआधी २००२ च्या अखेरीस दिल्ली-अमृतसर शताब्दी एक्स्प्रेस ५ टक्के मिश्रणावर चालवून पाहिली होती, म्हणजे इंजिनाच्या बाजूने अडचण नव्हती. अडचण शेतात आली. माळरानावर, पाण्याविना भरघोस बी येईल असं सांगितलं गेलं आणि ते आलं नाही. अनेकांनी चार-पाच वर्षं वाट पाहून झुडपं उपटून टाकली. आता २०१८ च्या जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत ५ टक्के मिश्रण असं उद्दिष्ट आहे. शिवाय मोगली एरंडाचं बी विषारी आहे, लहान मुलं चवीने खाऊन दवाखान्यात पोचतात. घराजवळ त्याची रास नको.

करंजाचं तसं नाही. तो मुद्दाम लावावा लागत नाही. ओढ्याकाठी, रस्त्याच्या कडेला, देवळामागे तो आधीच उभा आहे. शेंगवर्गातला असल्याने जमिनीत नत्र धरतो, गुरं त्याच्या वाटेला फारशी जात नाहीत. फेब्रुवारीपासून मेपर्यंत त्याच्याखाली करंजीच्या आकाराच्या चपट्या शेंगांचा सडा पडतो आणि बहुतेक गावांत तो तसाच पावसात कुजतो. मी या लेखात करंजच धरून चाललो आहे. उंडीच्या गरात तेल पुष्कळ जास्त असतं, पण त्या तेलाची आम्लताही जास्त असते, त्यामुळे शिकाऊ माणसाला ते त्रास देतं.

कोणत्या इंजिनापासून सुरुवात करावी

शेतावरचं जुनं, एका सिलिंडरचं, पाण्याने थंड होणारं, मिनिटाला १५०० फेऱ्यांचं पंपाचं इंजिन. पाच एचपीचं असेल तर उत्तमच. बायोडिझेलवरचे आपल्याकडचे कित्येक प्रयोग अशाच किर्लोस्कर इंजिनांवर झालेले आहेत. त्याचा डिझेल पंप साधा, नोझल बाहेर काढायला अर्धा तास पुरतो, आणि काही चुकलं तर ते आवाजाने आणि धुराने लगेच सांगतं.

कॉमन रेलची गाडी, बीएस-६ ची गाडी, धुरातली काजळी अडवणारी जाळी (डीपीएफ) असलेला नवा मोठा ट्रॅक्टर, यांत घरचं बायोडिझेल एक थेंबही घालू नका. ती जाळी साफ करायला काही इंजिनं सिलिंडरात उशिरा जादा इंधन सोडतात. बायोडिझेल सहजासहजी उडून जात नाही, ते भिंतीवरून ओघळून इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ करतं. वॉरंटी जाते ती वेगळीच. पंपावर मिळणाऱ्या डिझेलमध्ये भारतीय मानकानुसार ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल असू शकतं, तेवढं त्या गाड्यांना पुरे.

बी गोळा करणं आणि घाणा

इथे घाई केली की पुढचं सगळं बिघडतं. शेंगा झाडाखालच्या ओल्या पालापाचोळ्यातून उचलू नका. काठीने झोडून ताडपत्रीवर पाडा, चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवा, मग काठीने किंवा लाकडी मोगरीने फोडा. एका शेंगेत बहुधा एकच बी, तांबूस, घेवड्यापेक्षा थोडं मोठं. नखाने दाबून पाहा : चांगलं वाळलेलं बी टचकन तुटतं, ओलं बी दबतं. बुरशीचा पांढरा लेप किंवा काळा डाग दिसला की बाजूला टाका. अशी मूठभर बियाणी पोत्यात राहिली तर अख्ख्या तेलाची आम्लता वाढते, आणि आम्लता वाढली की पुढे बायोडिझेलऐवजी साबण होतो. हे नातं लक्षात ठेवलंत तर अर्धं काम झालं.

बियांत २७ ते ३९ टक्के तेल असतं, पण गावातल्या एक्सपेलरवर चार किलो बियांना एक लिटर तेल धरून चाला. हिशेब असा बसतो : पाच एचपीचं इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण एक लिटर पितं. शंभर तासांच्या पाण्यासाठी २० टक्के मिश्रण करायचं तर २० लिटर बायोडिझेल, त्यासाठी २२ लिटरच्या आसपास तेल, म्हणजे ९० किलो बी. दोन-तीन मोठी झाडं आणि घरातली चार माणसं एवढ्यात ते होतं. ज्या घाणेवाल्याकडे खाण्याचं तेल निघतं तिथे करंज नेऊ नका. करंजाचं तेल कडू आणि खाण्याला अपायकारक आहे, यंत्रात राहिलेला अंश पुढच्याच्या भुईमुगात जाईल.

पेंड परत घेऊन या. ती गुरांना चालत नाही, पण खत म्हणून आणि वाळवी-हुमणीला आवर घालायला शेतकरी ती पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत. खरं सांगायचं तर या सगळ्या उद्योगाचा हिशेब पेंडीशिवाय जुळत नाही.

तेल आठवडाभर उंच डब्यात निवळू द्या. गाळ तळाशी बसला की वरचं तेल दुपदरी सुती कापडातून गाळा. मग ते ११० अंशांपर्यंत तापवा आणि तडतड पूर्ण थांबेपर्यंत तिथेच ठेवा. पाण्याचा अंश गेला पाहिजे.

हळदीची परीक्षा

तेलात आम्ल किती आहे हे न मोजता पुढे जाणं म्हणजे मीठ न बघता लोणचं घालणं. प्रयोगशाळेत यासाठी फिनॉल्फ्थॅलिन वापरतात. आपल्या घरात हळद आहे, आणि क्षार लागला की हळद पिवळ्याची लाल होते हे कुंकू करणाऱ्यांना पूर्वापार ठाऊक आहे.

चिमूटभर शुद्ध हळद थोड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून वरचा पिवळा रस घ्या. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात एक ग्रॅम कॉस्टिक पोटॅश विरघळवून ठेवा. आता काचेच्या छोट्या भांड्यात १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, त्यात हळदीच्या रसाचे दोन-चार थेंब आणि एक मिली तेल. भांडं कोमट पाण्यात धरून हलवा म्हणजे तेल विरघळेल. मग सुईशिवायच्या सिरिंजने पोटॅशचं पाणी थेंबथेंब सोडा. प्रत्येक थेंबागणिक लाल ठिपका उमटतो आणि हलवलं की विरतो. एक क्षण असा येतो की लाली विरत नाही, पंधरा-वीस सेकंद टिकते. थांबा, आणि सिरिंजवर किती मिली गेलं ते वाचा. हे तीनदा करा आणि सरासरी घ्या.

आकडा ४ किंवा त्याच्या आत आला तर तेल उत्तम. ५ च्या वर गेला तर मोकळी आम्लं अडीच टक्क्यांच्या पुढे गेलेली आहेत असं समजा. अशा तेलाला आधी सल्फ्युरिक ॲसिडची एक जादा प्रक्रिया लागते. ती नव्या माणसाने घरी करू नये. ते तेल दिव्याला, लाकडाला, अवजारांना लावायला ठेवा आणि पुढच्या वर्षी बी लवकर वाळवा.

मेथॅनॉल : आधी हे वाचा

मेथॅनॉल विष आहे. पोटात गेलं तर शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं, डोळे जातात, जीव जातो. विषारी दारूच्या बातम्या आपण वाचतो त्यांच्यामागे बहुतेकदा हेच असतं. ते कातडीतूनही आत जातं आणि वाफेतूनही. ते ६५ अंशांच्या आत उकळतं, आणि पेटलं तर भर उन्हात त्याची ज्योत दिसत नाही. ते विकत घ्यायला आणि बाळगायला परवाना लागतो. आडमार्गाने कॅन मिळत असेल तर घेऊ नका.

म्हणून माझा आग्रह आहे की पहिल्या काही खेपा जवळच्या अभियांत्रिकी, विज्ञान किंवा कृषी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत करा. राहुरी, अकोला, दापोली या कृषी विद्यापीठांत शेतीतल्या ऊर्जेवर काम चालतं. आपण तेल घेऊन गेलो की विद्यार्थ्यांना प्रयोग मिळतो आणि आपल्याला वाफा ओढून घेणाऱ्या धुराड्याखालची जागा, तराजू आणि जाणती माणसं. हे जमत नसेल तर अधिकृत उत्पादकाकडून तपासणी अहवालासह तयार बायोडिझेल घ्या आणि पुढचा मिश्रणाचा भाग वाचा. त्यात कमीपणा काही नाही.

कुठेही केलंत तरी : बंद चष्मा, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या, उघडी हवेशीर जागा, जवळपास चूल, बिडी, वेल्डिंग काही नको. पोटॅश डोळ्यांत गेलं तर वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवत राहायचं आणि लगेच दवाखाना. लहान मुलं आणि कुत्री-मांजरं त्या आवारातही नकोत.

एक लिटरची पहिली खेप

पहिल्याच दिवशी २० लिटर करायला जाऊ नका. एक लिटर तेल घ्या, त्याला २२० ते २५० मिली मेथॅनॉल. पोटॅशचं प्रमाण : बाजारात मिळणाऱ्या ९० टक्के शुद्धतेच्या पोटॅशचे ८ ग्रॅम, अधिक हळदीच्या परीक्षेत जितके मिली आले तितके ग्रॅम. आकडा ३ आला असेल तर ११ ग्रॅम. वजन सोनाराच्या काट्यासारख्या बारीक काट्यावर करा आणि पोटॅशचा डबा लगेच बंद करा, ते हवेतलं पाणी ओढून घेतं.

जाड एचडीपीई प्लॅस्टिकच्या कोरड्या कॅनमध्ये मेथॅनॉल घेऊन त्यात पोटॅश थोडं थोडं घाला, झाकण लावून हळू फिरवा. कॅन गरम होतो, ते अपेक्षित आहे. मधूनमधून झाकण सैल करून वाफेचा दाब सोडा, तोंड बाजूला ठेवून. ॲल्युमिनियमचं भांडं चुकूनही नको, पोटॅश ते खातं आणि हायड्रोजन वायू सुटतो. तांबं, पितळ, जस्ताचा पत्राही नको. स्टील, काच किंवा हेच प्लॅस्टिक.

आता तेल ५५ अंशांपर्यंत तापवा. चूल किंवा शेगडी पूर्ण विझवा, भांडं तिथून दूर न्या, आणि मगच त्यात मेथॅनॉलचं मिश्रण ओता. हा क्रम कधीही उलटा करू नका. ऊब टिकवायला भांडं गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवा आणि झाकण लावून तासभर ढवळत राहा. सुरुवातीला मिश्रण गढूळ, मग काही मिनिटांत गडद, मग अचानक पातळ. ढवळणीला तो फरक हाताला कळतो.

तासाने काचेच्या बरणीत ओतून रात्रभर स्थिर ठेवा. पंधरा-वीस मिनिटांतच तळाशी काकवीसारखा दाट काळपट थर धरू लागतो. सकाळी बघाल तर खाली काकवी, वर कोऱ्या चहाच्या रंगाचं स्वच्छ द्रव, आणि दोघांमध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ. ती रेघ स्पष्ट असेल तर खेप जमली.

माझी दुसरी खेप बिघडली ती एका ओल्या कॅनमुळे. धुऊन पालथा घातला होता, आत वाटीभरही पाणी नसेल. सकाळी बरणीत रेघ नव्हती, सगळं खरवसासारखं थिजलेलं होतं. पाणी आणि पोटॅश एकत्र आले की तेलाचा साबण होतो, त्याला उपाय नाही. तेव्हापासून प्रत्येक भांडं उन्हात तापल्याशिवाय मी वापरत नाही.

धुणं, वाळवणं, पारखणं

तळाचा थर काढून वेगळा ठेवा. वरच्या द्रवात अजून मेथॅनॉल, पोटॅश आणि साबणाचा अंश आहे. त्याच्या एक तृतीयांश कोमट पाणी हलक्या हाताने घाला. पहिल्या पाण्याला हलवायचं नाही, फक्त भांडं कलतं-सरळ करायचं. जोराने हलवलंत तर ताक होतं, आणि ते ताक दिवस दिवस सुटत नाही. तसं झालंच तर थोडं मीठ घालून ऊन लागेल असं ठेवा. पाणी खाली बसलं की काढा, पुन्हा घाला. दुसऱ्या-तिसऱ्या पाण्याला जरा जास्त हलवता येतं. तीन-चार पाण्यांनी खालचं पाणी स्वच्छ येतं.

मग वाळवणं. उघड्या स्टीलच्या भांड्यात १०० ते ११० अंशांपर्यंत हळूहळू तापवा, बुडबुडे आणि तडतड थांबेपर्यंत. धुणं नीट झालेलं असेल तरच हे करा, नाहीतर राहिलेलं मेथॅनॉल वाफ होऊन पेटू शकतं. थंड झाल्यावर बरणीमागे वर्तमानपत्र धरा. बातमी वाचता आली पाहिजे. गढूळ दिसलं तर पाणी आहे. तापलेल्या तव्यावर एक थेंब टाकून पाहा : फोडणीत पाणी पडल्यासारखा आवाज आला तर अजून वाळवा.

प्रक्रिया पूर्ण झाली का हे बघायची एक सोपी परीक्षा आहे. २७ मिली मेथॅनॉलमध्ये ३ मिली बायोडिझेल घालून हलवा, २० ते २२ अंशांच्या आसपास अर्धा तास ठेवा. सगळं विरघळलं तर ठीक. तळाशी तेलाचे मणी जमले तर कच्चं तेल शिल्लक आहे, आणि कच्चं तेल म्हणजे पहिल्या परिच्छेदातली काजळीची टोपी. अशी खेप इंजिनात घालू नका, थोडं मेथॅनॉल आणि पोटॅश घेऊन पुन्हा प्रक्रिया करा.

नियमित वापरणार असाल तर वर्षातून एक नमुना तपासायला द्या. शुद्ध बायोडिझेलचं भारतीय मानक आयएस १५६०७ आहे. त्यात आम्लांक ०.५० च्या आत आणि पाणी किलोला ५०० मिलिग्रॅमच्या आत लागतं. पेट घेण्याचं तापमान १०० अंशांच्या वर हवं. ते कमी आलं तर मेथॅनॉल राहिलं आहे.

ग्लिसरीनच्या थराचं काय? त्यात मेथॅनॉल आणि पोटॅश दोन्ही असतं. ओढ्यात, विहिरीजवळ, गटारात ओतू नका. धुण्याचं साबणाचं पाणीही तसंच. प्रयोगशाळेत काम करत असाल तर तिथल्याच व्यवस्थेत द्या. ज्या ओढ्याकाठच्या करंजाने आपल्याला इंधन दिलं तोच ओढा नासवायचा, हे मला सहन होत नाही.

टाकीत घालण्याआधी

बायोडिझेल चांगला विद्रावक आहे. टाकीत वर्षानुवर्षं बसलेला डिझेलचा चिकट गाळ ते सोडवतं आणि तो सगळा फिल्टरकडे धावतो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कांद्याला पाणी चालू असताना अकराव्या तासाला इंजिन गुरगुरलं आणि बंद पडलं. मी तेलाला दोष देत बसलो. फिटर आला, फिल्टर काढून हातावर धरला, शाईत बुडवल्यासारखा काळा. म्हणाला, “अण्णा, तेल बरोबर आहे. टाकीतली घाण निघालीय. आधी टाकी धुवायला पाहिजे होती.”

तर आधी टाकी उतरवून धुवा, वाळवा. नवा फिल्टर लावा आणि आणखी एक जवळ ठेवा. रबरी पाईप आणि वॉशर बघा : साधं रबर बायोडिझेलने फुगतं, मऊ होतं, पाझरतं. कमी मिश्रणात हे हळू होतं, तरी पाईप जुना असेल तर व्हायटन या बायोडिझेलला टिकणाऱ्या रबराचा घाला. टाकीला पितळी कॉक असेल तर मिश्रण त्यात महिनोन्‌महिने साठवून ठेवू नका, तांबं-पितळ बायोडिझेल लवकर खराब करतं. इंजिनाच्या रंगावर सांडलं तर लगेच पुसा, रंग सुटतो. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, पसरून वाळवा. गोळ्यात ऊब धरून ती आपोआप पेटू शकतात.

मिश्रण करताना आधी डिझेल, वरून बायोडिझेल. ते डिझेलपेक्षा जड असल्यामुळे खाली उतरता उतरता मिसळतं. तरीही कॅन चांगला हलवा.

पहिले २५ तास ५ टक्के. म्हणजे दहा लिटर कॅनमध्ये अर्धा लिटर. पुढचे २५ तास १० टक्के. मग २० टक्के, आणि तिथेच थांबा. यापुढे जाण्याचा मोह होतो, कारण इंजिन छान चालतं, धूर कमी होतो, डोळ्यांना झोंबत नाही. पण शुद्ध बायोडिझेलवर किलोमागे ऊर्जा दहा टक्क्यांच्या आसपास कमी मिळते, नायट्रोजनचे ऑक्साइड थोडे वाढतात, आणि रबर, ऑइल, थंडी या सगळ्याच तक्रारी वाढतात. २० टक्क्यांत ताकदीतला फरक जाणवतही नाही.

पहिले शंभर तास

एक वही टाकीला बांधून ठेवा. तारीख, तास, किती टक्के, किती लिटर, धुराचा रंग. फिल्टर १० तासांनी बघा, २५ तासांनी बदला. बदलल्यावर लाइनमधली हवा नीट काढा. इंजिन ऑइल सुरुवातीला नेहमीच्या निम्म्या तासांतच बदला, आणि रोज सकाळी पट्टी बघताना पातळी कमी झाली का यापेक्षा वाढली का हे पाहा. वाढली असेल तर इंधन खाली उतरतंय. बोटांत घेऊन चोळा, पातळ लागलं तर इंजिन बंद करून फिटरला बोलवा.

शंभर तासांनी नोझल काढा. बाहेर फवारून पाहा : चारही बाजूंना सारखं धुकं पडलं पाहिजे, थेंब टपकता कामा नये. टोकावर मऊ काजळी असेल तर फडक्याने निघते. नखालाही न निघणारा कडक चकचकीत थर असेल तर इंधन कच्चं आहे, मिश्रण थांबवा आणि ती खेप पुन्हा तपासा.

थंडीत जपा. करंजाचं शुद्ध बायोडिझेल गारठ्यात गढुळतं, दाटतं. निफाडसारख्या ठिकाणी पारा पाच अंशांच्या खाली उतरतो, तिथे डिसेंबर-जानेवारीत ५ टक्क्यांवर या किंवा नुसतं डिझेल वापरा. साठा तीन महिन्यांपुरताच करा. पूर्ण भरलेला, घट्ट बंद, सावलीतला कॅन. अर्धा रिकामा कॅन उन्हात राहिला तर आतलं बायोडिझेल आंबूस होतं आणि त्याचा डिंक बनू लागतो. वास बदलला की इंजिनात घालू नका.

कायद्याचं एवढंच : स्वतःच्या इंजिनापुरतं ठेवा. परवान्याशिवाय विकता येत नाही, शेजाऱ्याला लिटरवर देणंसुद्धा नको. आणि रस्त्याकडेला स्वस्त ‘बायोडिझेल’ मिळतं म्हणून बॅरल भरून आणू नका. त्या नावाखाली भलतीच खनिज तेलं विकली जातात, महाराष्ट्रात आणि गुजरातेत त्यावर छापे पडलेले आहेत. तपासणी अहवाल मागा, नसेल तर परत फिरा.

पाळ्या संपल्या, इंजिन आता पावसाळाभर उभं राहणार असं दिसलं की शेवटचा अर्धा तास ते नुसत्या डिझेलवर चालवा. नोझल आणि पंपातलं मिश्रण निघून जाईल. टाकी तळापासून रिकामी करा, कॉकखाली काचेची बाटली धरा आणि तळाशी पाण्याचा थेंब दिसतो का ते बघा. दिसला तर टाकीचं झाकण तपासा. नंतर ताजं डिझेल काठोकाठ भरा, धुराड्यावर डबा पालथा घाला, आणि वहीत त्या दिवशीचे तास लिहून ठेवा.